दोरीतला ताण काढताना आधी मागे बघ

गोव्यातल्या साखळी गावाहून अकरावीतल्या एका मुलीने विचारलं आहे: गुळगुळीत टेबलावर ४ किलो आणि ६ किलोचे दोन ठोकळे दोरीने जोडलेत. ६ किलोच्या ठोकळ्याला ३० न्यूटन बलाने ओढलं, तर मधल्या दोरीत ३० न्यूटन ताण का येत नाही? आणि तेवढ्याच बलाने ४ किलोच्या बाजूने ओढलं तर उत्तर बदलतं कसं? दोरी तीच, ठोकळे तेच, त्वरणही तेच. शेवटी तिने लिहिलंय, "क्लासमध्ये प्रत्येक प्रकाराला वेगळं सूत्र दिलंय. तीच पाठ करू का?"

बाय, सूत्रं पाठ करायच्या फंदात पडू नकोस. डिचोलीच्या बाजूला हायर सेकंडरीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना मला २७ वर्षं झाली. या धड्यात मार्क जातात ते पुष्कळदा हुशार मुलांचे, आणि जातात ते एका गणिताचं सूत्र दुसऱ्या गणिताला लावल्यामुळे. तुझा दुसरा प्रश्न मात्र मला फार आवडला. दोरी तीच असून ताण का बदलतो, हे ज्याला खटकलं त्याला हा धडा अर्धा कळला असं मी धरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोकणीत होते आणि पुढे विज्ञान इंग्रजीत, त्यामुळे तुझ्या वहीत 'टेन्शन', 'ॲक्सिलरेशन', 'फ्री बॉडी डायग्रॅम' असंच लिहिलेलं असणार. मी ताण, त्वरण आणि बलाकृती (एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) म्हणतो. पेपरात तू इंग्रजीत लिही, पण मनात 'ताण' हा शब्द असू दे. दोरी ताणलेली असते तेव्हाच ती काही करते. ती फक्त ओढते, ढकलू शकत नाही. बलाकृतीत ताणाचा बाण नेहमी वस्तूपासून बाहेर, दोरीच्या दिशेने काढायचा. एवढं सांभाळलं तरी चिन्हांच्या निम्म्या चुका टळतात.

आता तुझं गणित. तुझ्या डोक्यात असं चित्र आहे की हाताचे ३० न्यूटन पुढच्या ठोकळ्यातून झिरपत मागच्या दोरीत उतरतात. तसं होत नाही. हाताने धरलाय तो फक्त ६ किलोचा ठोकळा. मागच्या ४ किलोच्या ठोकळ्याला हात लागलेलाच नाही, त्याला आडव्या दिशेने स्पर्श करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दोरी. तेव्हा त्याच्यापुरता प्रश्न इतकाच उरतो: त्या ४ किलोला जे त्वरण मिळालंय ते द्यायला दोरीला किती ओढावं लागलं?

दोन्ही ठोकळे मिळून १० किलो, बाहेरचं बल ३० न्यूटन, म्हणजे त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोरी ताणलेली आहे आणि लांबत नाही, म्हणून दोघांचंही त्वरण हेच. मागचा ठोकळा ४ किलोचा, ४ गुणिले ३ म्हणजे १२. ताण १२ न्यूटन. ताळा पुढच्या ठोकळ्यावर घे: पुढे ३०, मागे १२, उरले १८, आणि ६ गुणिले ३ म्हणजेही १८. बरोबर.

उलट बाजूने ओढलंस तर मागे कोण येतं? ६ किलोचा. त्याला तेच ३ त्वरण द्यायला १८ न्यूटन लागतात. दोरी तीच, त्वरण तेच, पण तिच्या मागचं ओझं बदललं. दोरीच्या अंगचा असा ताण काही नसतो. मागच्या वस्तूला तसं हलायला जेवढं बल लागतं, तेवढाच ताण दोरीत येतो, आणि तुझ्या ३० न्यूटनपैकी उरलेलं बल पुढच्या ठोकळ्याला हलवण्यात जातं.

मी वर्गात सांगतो ती रीत एवढीच: ज्या दोरीचा ताण हवा ती मनात कापायची, कापलेल्या जागेच्या एका बाजूला काय काय राहिलं ते बघायचं, आणि फक्त त्यावरची बलं मांडायची. कुठलीही बाजू घेतलीस तरी उत्तर एकच येणार, म्हणून ज्या बाजूला बलं कमी ती घे. दुसरी बाजू ताळ्याला ठेव.

घर्षण आलं की मुलं बिचकतात, तेव्हा तेही करून टाकू. गणितं सोपी राहावीत म्हणून इथून पुढे गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १० धरतो. दोन्ही ठोकळ्यांखाली घर्षणांक (घर्षण वजनाच्या किती पट, तो आकडा) ०.२ असेल तर मागच्यावर ८ आणि पुढच्यावर १२, असं एकूण २० न्यूटन घर्षण. ३० मधून २० गेले, उरले १०, त्वरण १. मागच्या ठोकळ्यासाठी: ताण वजा ८ बरोबर ४ गुणिले १, म्हणजे ताण १२. घर्षणाशिवायही १२ आणि घर्षणासह १२! हा योगायोग नव्हे. घर्षणांक दोन्हीकडे सारखा असला की घर्षण वस्तुमानाच्या प्रमाणातच वाटलं जातं, आणि ठोकळे सरकत असेपर्यंत ताणाची वाटणी बदलत नाही. पण मागच्याखाली ०.३ आणि पुढच्याखाली ०.१ कर. घर्षणं १२ आणि ६, त्वरण १.२, ताण १६.८. पाठ केलेलं सूत्र तुला इथे १२ च सांगेल आणि तू ते लिहून मोकळी होशील. म्हणून सूत्रांना नको म्हणतो.

आता ज्या गणितात सगळ्यात जास्त मार्क जातात ते. टेबलावर ३ किलोचा ठोकळा, त्याची दोरी कडेच्या कप्पीवरून खाली गेलेली आणि तिला २ किलोचं वजन टांगलेलं. टेबल गुळगुळीत. ताण किती? वर्गातले निम्मे हात वर जातात आणि उत्तर येतं २० न्यूटन, कारण २ किलोचं वजन २० न्यूटन आहे.

ठोकळा बोटाने धरून ठेवलास तोवर ताण २० च आहे, कारण वजन लटकून स्थिर आहे. बोट काढलंस की ते खाली निघालं. दोरी अजूनही त्याला २० न्यूटनने वर ओढत असती तर ते खाली वेग घेणारच नाही. ते वेग घेतंय, याचा अर्थ ताण २० पेक्षा कमी झालाय. ओढणारे २० न्यूटन, हलणारं वस्तुमान ५ किलो, त्वरण ४, आणि ३ किलोच्या ठोकळ्यावरून ताण १२ न्यूटन. ताळा: २० वजा १२ म्हणजे ८, आणि २ गुणिले ४ पण ८. बोट काढताक्षणी ताण २० वरून १२ वर येतो.

याच गणितात दुसरा खड्डा आहे. टेबल खडबडीत असेल तर आधी हे बघ की ठोकळा हलतो तरी का. स्थैतिक घर्षणांक ०.७ असेल तर घर्षण जास्तीत जास्त २१ न्यूटनपर्यंत जाऊ शकतं, ओढ २० ची आहे, म्हणजे काहीच हलणार नाही. तेव्हा ताण २० आणि घर्षणही २०. घर्षण २१ लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. २१ ही त्याची कमाल मर्यादा, प्रत्यक्षात ते हवं तेवढंच येतं.

कप्पीच्या दोन्ही बाजूंना वजनं टांगायची ती रचना ॲटवुडच्या नावाने ओळखली जाते. जॉर्ज ॲटवुड या इंग्रज गणितज्ञाने १७८४ साली तिचं वर्णन छापलं. सरळ पडणारी वस्तू इतकी झपकन खाली येते की तिचं त्वरण त्या काळच्या घड्याळांनी मोजणं अवघड होतं. दोन जवळजवळ सारखी वजनं कप्पीवर टांगली की खेच थोडी आणि वस्तुमान भरपूर, त्यामुळे पडणं संथ होतं आणि मोजता येतं.

हे मी प्रयोगशाळेत दाखवतो ते सांगतो, तुझ्या शाळेतही करता येईल. वर हुकाला ताणकाटा (स्प्रिंग बॅलन्स), काट्याला कप्पी, कप्पीवरून दोरी, एका टोकाला ४ किलो आणि दुसऱ्याला १ किलो. वजनं हलू नयेत म्हणून ४ किलोचं वजन खालून उचलून धरायचं नाही, की १ किलोचं वजन खाली ओढून धरायचं नाही, कारण मग काट्यावर हाताचं बलही येतं. त्यापेक्षा सोपी युक्ती: कप्पीजवळ दोरीचे दोन्ही पदर कपड्याच्या चिमट्याने एकत्र चिमटायचे. चिमटा घट्ट असला की काही सरकत नाही आणि काटा कप्पीचं वजन सोडून ५ किलो दाखवतो. आता वर्गाला विचारतो, चिमटा काढला तर काटा काय दाखवेल? सगळे म्हणतात ५, वजनं तर दोन्ही अजून टांगलेलीच आहेत ना.

चिमटा काढला की ४ किलो सुसाट खाली, १ किलो वर, आणि काटा खाडकन उतरतो. एक मीटर जायला सेकंदाहून कमी वेळ लागतो, म्हणून एका मुलाला मोबाईलवर स्लो मोशनमध्ये काट्याचं चित्रण करायला लावतो. हिशेबाने त्वरण ६, ताण १६, आणि कप्पीवर दोन्ही पदरांचे मिळून ३२ न्यूटन. म्हणजे ३.२ किलो. प्रत्यक्षात काटा हेलकावतो, आणि कप्पीचं स्वतःचं जडत्व व आसाचं घर्षण यामुळे तो ३.२ च्या थोडा वरच दिसतो. पण ५ नक्की दिसत नाही. तो व्हिडिओ मुलं पुन्हापुन्हा बघतात. नुसती चर्चा करून जे पटत नाही ते काटा उतरताना बघून पटतं. खाली मऊ गोणपाट मात्र घाल आणि पाय लांब ठेवा.

ताळ्यासाठी एक खूण: अशा रचनेत ताण नेहमी दोन वजनांच्या मधे यायला हवा. इथे १० आणि ४० च्या मधे १६. हलक्याला वर उचलायचं तर ताण त्याच्या वजनाहून जास्त हवा, जड खाली जातंय म्हणजे ताण त्याच्या वजनाहून कमी हवा. उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं की चिन्ह चुकलंय.

आता एक गोष्ट, जी पुस्तकं एका ओळीत उरकतात: 'दोरी वस्तुमानरहित आहे असे माना.' ती ओळ का लागते? बरीच मुलं, आणि काही शिकवणारेही, सांगतात की दोरीच्या दोन्ही टोकांना ताण सारखा असतो तो न्यूटनच्या तिसऱ्या नियमामुळे. हे चूक आहे. तिसरा नियम दोन वस्तूंमधल्या जोडीबद्दल बोलतो. दोरी कळशीला ओढते, कळशी दोरीला तेवढ्याच बलाने उलट ओढते, ही जोडी. न्यूटननेही १६८७ साली हा नियम मांडताना दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचंच उदाहरण घेतलं. पण दोरीचं वरचं टोक आणि खालचं टोक ही जोडी नव्हे. तिथे दुसरा नियम लागतो, आणि तो खुद्द दोरीला लावायचा.

घरच्या विहिरीचं बघ. पाण्याने भरलेली कळशी १२ किलो, आणि कप्पीपासून कळशीपर्यंत लोंबणारी भिजलेली काथ्याची दोरी ३ किलो. सावकाश, एका वेगाने ओढलंस तर कळशीच्या गळ्याशी ताण १२० आणि वर कप्पीपाशी १५०, कारण तिथे कापलं तर खाली कळशीही आहे आणि दोरीही. हिसका देऊन २ त्वरणाने वर ओढलंस तर खाली १४४, वर १८०. फरक ३६, म्हणजे दोरीचे ३ किलो गुणिले १२. दोरीचं वस्तुमान शून्य धरलं की हा फरकही शून्य होतो, आणि म्हणून, फक्त म्हणूनच, ताण सगळीकडे सारखा. जुनी दोरी पुष्कळदा वरच्या बाजूलाच का तुटते त्याचं एक कारण हे, दुसरं कप्पीवरची घासण.

दोरीत ताण जागोजागी बदलतो हे बघायचं असेल तर कोलवा, बाणावलीकडे रापण ओढताना बघ. जाळं पाण्यात अर्धगोल टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग. समज एका दोरावर १० जण आहेत आणि प्रत्येक जण २०० न्यूटनने ओढतोय. जाळं संथपणे सरकतंय, त्वरण जवळजवळ शून्य. जाळ्याच्या बाजूला दोरात २००० न्यूटन ताण. पहिल्या माणसाच्या मागे १८००, दुसऱ्याच्या मागे १६००, असं उतरत उतरत शेवटच्या माणसाच्या मागे दोर वाळूत सैल पडलेला, ताण शून्य. दोर एकच, पण जिथे जिथे कोणी हात लावला तिथे तिथे ताण बदलला. म्हणून तुझ्या गणितात 'एकच दोरी म्हणजे एकच ताण' हे तेव्हाच चालतं जेव्हा दोरी वस्तुमानरहित आहे, मधे तिला कोणी ओढत नाही आणि कप्पी बिनघर्षणाची व हलकी आहे.

आणि हाच हिशेब कुळ्याच्या घाटात रोज चालतो. कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणारा, दूधसागराजवळून जाणारा तो लोहमार्ग ३७ ला १ इतका चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर चढ. रेल्वेसाठी हा चढ फार तीव्र. मालगाडीला पुढे इंजिनं असतातच, शिवाय मागून ढकलायलाही जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. मागे कशाला? सगळी पुढेच का लावत नाहीत? सोयीसाठी माझे आकडे धर: ४० वाघिणी (मालगाडीचे डबे), प्रत्येकी ८० टन म्हणजे वजन ८०० किलोन्यूटन, गाडी एका वेगाने चढतेय, बाकीचं घर्षण सोडून दे. एका वाघिणीला उतरणीवर न घसरू देता धरायला ८०० भागिले ३७, म्हणजे साधारण २१.६ किलोन्यूटन लागतात. सगळी इंजिनं पुढे असतील तर पहिल्या वाघिणीच्या जोडणीवर चाळीसच्या चाळीस वाघिणींची ओढ येते, ८६५ किलोन्यूटन. शेवटच्या जोडणीवर फक्त २१.६. म्हणजे तुटलीच तर पुढची तुटणार, आणि मागे सबंध गाडी सुटणार.

आता निम्मी ताकद मागून ढकलायला लाव. पहिल्या जोडणीवर ओढ ४३२ वर आली. प्रत्येक वाघिणीमागे ती २१.६ ने कमी होत विसाव्या आणि एकविसाव्या वाघिणीच्या मधल्या जोडणीवर शून्य. त्याच्या मागच्या जोडण्या ताणल्या न जाता दाबल्या जातात. लोखंडी जोडणी ढकलूही शकते, दोरीला ते जमत नाही, म्हणून तुझ्या गणितात उत्तर ऋण आलं की समज: तिथे दोरी सैल पडली आणि त्या वस्तू आता एकत्र हलत नाहीत. समीकरणं पुन्हा, सुटी सुटी मांडायची.

सैल दोरीवरून एक सांगायचंच आहे, ते परीक्षेपुरतं नाही. काही पावसाळ्यांपूर्वी पेडण्याकडे आमच्या एका नातेवाइकाची गाडी चिखलात रुतली. टेंपोला दोर बांधला, आणि टेंपोवाल्याने दोर ढिला असतानाच गाडी दामटली. दोर ताणला गेला त्या क्षणी फटकन तुटला आणि त्याचं टोक बॉनेटवर असं बसलं की पत्रा चेपला. तिथे माणूस उभा नव्हता हे नशीब. हिशेब कर: १००० किलोची गाडी, ३०० न्यूटन विरोध, हळूहळू ०.५ त्वरणाने ओढली तर ताण ८०० न्यूटन. तीच गाडी हिसक्याने एक दशांश सेकंदात सेकंदाला २ मीटर वेगाला आणायची तर त्वरण २० आणि ताण २०,००० न्यूटनच्या वर. पंचवीसपट. चिखलाची पकड धरली तर त्याहून जास्त. म्हणून आधी दोर ताणून घ्यायचा, मग ओढायचं, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

आता एक गणित तुझ्यासाठी. गुळगुळीत टेबलावर ओळीने २, ३ आणि ५ किलोचे ठोकळे, मधे दोन दोऱ्या. ५ किलोच्या ठोकळ्याला पुढे ४० न्यूटनने ओढलंय आणि २ किलोच्या ठोकळ्याला मागे १० न्यूटनने. प्रत्येक ठोकळ्याची बलाकृती वेगळी काढ, आधी सगळ्यांचं मिळून त्वरण काढ, मग मागून एकेक दोरी काप. मागच्या दोरीत १६ आणि पुढच्या दोरीत २५ न्यूटन यायला हवेत. नाही आले तर नुसतं उत्तर पाठवू नकोस, तिन्ही बलाकृतींचा फोटो पाठव. चूक तिथेच सापडेल.